जर्स्यांचं शिंपण

थंडीविषयी फोर्तुनाता चांबीचं एकच मत होतं आणि ते तिनं जन्मात बदललं नाही. थंडी कमरेतून शिरते. डोक्यातून शिरते म्हणणारे लोक तिला भेटले होते, पायातून शिरते म्हणणारेही भेटले होते. ती त्यांच्याशी वाद घालायची नाही. त्यांच्या कमरेकडे बघायची आणि मान हलवायची.

ला पास शहराच्या डोक्यावर, उंच पठारावर वसलेल्या एल आल्तोच्या त्या वस्तीत खेळाचं मैदान एकच. त्याच्या चांगल्या वेळा मोठ्या माणसांनी भाड्यानं धरून ठेवलेल्या. पोरांच्या वाट्याला उरली ती शनिवार-रविवारची पहाट, जेव्हा गोलपोस्टला हात लावला तर कातडं तिथंच राहावं. आया त्याआधीच बाजारात दुकान मांडायला निघालेल्या असत. जाता जाता पोराला मैदानाच्या कोपऱ्यावर सोडायच्या. कोपऱ्यावर फोर्तुनाताची गाडी. गाडीवर जांभळ्या मक्याची दाट, गोड आपी उकळत असायची आणि शेजारी कढईत पुरीसारखे बुन्युएलो फुगत असायचे. मिनीबस पकडायच्या घाईत आई ओरडायची, "बघा हो जरा!" म्हणजे नक्की काय बघायचं, हे कुणी कधी सांगितलं नाही. फोर्तुनातानं आपल्या परीनं अर्थ लावला.

सुरुवात झाली ती एका पोरीपासून. ओठ निळे, दात वाजतायत, अंगात शाळेचा नुसता पातळ कोट. फोर्तुनातानं बुन्युएलो बांधायला ठेवलेलं वर्तमानपत्र घेतलं, दोन पानं पोरीच्या छातीवर दाबली, एक कमरेला गुंडाळलं आणि वर आपला स्वेटर चढवला. पोरगी दिवसभर तळणाच्या वासानं घमघमत राहिली, पण खेळली. पुढच्या शनिवारी तिच्याबरोबर आणखी तिघं आली आणि न बोलता हात वर करून उभी राहिली.

मग रीतच पडली. आधी कागद. खेळाचं पान ती वापरायची नाही. त्यात आपलेच लोक हरलेले असतात, ते पोरांच्या छातीशी कशाला? कागदावर आल्पाकाच्या लोकरीचा स्वेटर, स्वेटरवर कमरेला विणलेला पट्टा, तोही गच्च, आणि डोक्याला कानपट्ट्यांची टोपी. एवढं झालं की परीक्षा. "वाक," ती म्हणायची. पोरगं वाकायचं. हात जमिनीला लागले तर आणखी एक स्वेटर. लागले नाहीत तर, "जा, खेळ."

संघ फारसा जिंकत नसे, हे वेगळं सांगायला नको. पोरं पळायला लागली की कागद कुरकुरायचे. दुसऱ्या वस्तीची माणसं म्हणायची, फोर्तुनाताचा संघ दिसायच्या आधी ऐकू येतो.

ती तळ्याकाठच्या गावातली. पोरवयात खाली ला पास शहरात एका मोठ्या घरी कामाला लागली आणि त्या घरची तीन लेकरं तिनं न्हाऊ-माखू घालून वाढवली. टेनिस खेळायला जाताना त्यांनाही पट्टे बांधले. लेकरं मोठी झाली तशी मालकिणीनं तिला एक घोंगडी दिली आणि निरोप दिला. पुढं त्या लेकरांनी तिला ओळखलं असतं की नाही, हे तपासायची संधी तिनं त्यांना दिली नाही. नवरा ट्रकवर होता. समुद्राकडं आरिकाला माल घेऊन गेला तो परत आला नाही. पण त्याच्या अंगात तिच्या हातचा स्वेटर होता. "कशानंबी मेला आसंल, गारठ्यानं न्हाई," एवढं ती छातीठोक सांगायची. स्वतःचं मूल झालं नाही.

मैदानावरची पोरं तिला मावशी म्हणत. एल आल्तोत बटाटे विकणारीलाही मावशी म्हणतात, तेव्हा त्यात काही विशेष नव्हतं. ती त्या पोरांची कोण, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिला उत्तर द्यावं लागलं नव्हतं.

त्या वर्षी संघाला नवा प्रशिक्षक मिळाला. एदिल त्याचं नाव, पण सगळे त्याला प्रोफे, म्हणजे मास्तर, म्हणत. माणूस सखलातला, सांता क्रूसचा. जिथं आंबे झाडाखाली सडतात. पहिल्या दिवशी तो अर्ध्या चड्डीत आला.

"मावशी, एवढे कपडे घातले तर पोरांना घाम येईल," तो म्हणाला. "घाम आला की अंग ओलं होतं, ओलं अंग गार पडतं. हे चुकीचं आहे."

"घाम यायला पळाय लागतं, प्रोफे," फोर्तुनाता म्हणाली. "आमची कुठं पळत्यात?"

तिसऱ्या सरावाला तो लांब पँटमध्ये आला आणि त्याच्या पुढच्या सरावाला पोरांच्या रांगेत सगळ्यात शेवटी, हात वर करून.

आता गोष्ट आहे ती वस्त्यांच्या स्पर्धेच्या पहिल्या सामन्याची, म्हणजे ऐन जून महिन्यातली, आमच्याकडच्या कडाक्याच्या थंडीतली.

आमच्याकडं क्लबात नवी वस्तू आली की तिला मानकरी लागतो. चेंडूचा मानकरी, जाळीचा मानकरी, शिट्टीचासुद्धा. खर्च त्यानं करायचा आणि मान त्यानं घ्यायचा. त्या वर्षी जर्स्यांची मानकरीण झाली बासिलिया काल्यिसाया. बासिलियाची बियरची वखार होती. समोरचे दोन दात सोन्याचे, घेरदार परकर एकावर एक इतके की मिनीबसमध्ये तिला तीन माणसांची जागा लागायची आणि ती एकाच माणसाचे पैसे द्यायची. जर्स्या लालभडक. पाठीवर सोनेरी अक्षरांत 'बासिलिया' आणि त्याखाली बारीक अक्षरांत संघाचं नाव.

नव्या वस्तूचं शिंपण केल्याशिवाय ती वापरत नाहीत. धरतीमायला चार थेंब, वस्तूच्या चार कोपऱ्यांना चार थेंब, वरून रंगीत कागदाचे कपटे, झालं. पण वखारवालीनं चार थेंब शिंपले तर लोक काय म्हणतील? वखार बुडाली म्हणतील. मैदानाच्या मधोमध पट्ट्यापट्ट्यांच्या फडक्यावर जर्स्यांचा ढीग रचलेला. बासिलियानं पहिली बाटली फोडली ती फेसासकट ओतली. मग दुसरी. मग क्रेटच जवळ ओढलं. बँडवाल्यांनी एक धून वाजवली आणि तुतारीत ओठ अडकायला लागल्यावर थांबवली.

"धरतीमायला तहान लागलीया," बासिलिया ओतता ओतता म्हणाली.

"तिला दोन महिने पुरंल," गर्दीतून कुणीतरी पुटपुटलं.

नंतर भाषणं. क्लबाचे अध्यक्ष डॉन सेवेरो बोलले. वस्ती-समितीचे सचिव बोलले. मग अध्यक्षांना आठवलं की आपण बासिलियाबाईंच्या दिवंगत सासऱ्यांचं नाव घ्यायचं विसरलो, म्हणून ते पुन्हा बोलले. सूर्य डोंगरामागं होता आणि त्याला घाई नव्हती. तेवढ्या वेळात फोर्तुनातानं कोपऱ्यावर सगळ्या पोरांना कागद, स्वेटर, पट्टे घालून वाकवून पाहिलं होतं.

भाषणं संपली. टाळ्या झाल्या. बासिलिया पहिली जर्सी उचलायला वाकली. जर्सी उचलली गेली, तिच्यासोबत दुसरी आली, तिच्यासोबत सगळा ढीग आला आणि ढिगासोबत खालचं फडकंही. सगळं गोठून एकच लादी झाली होती.

कुणी हसलं नाही. मानकरणीसमोर हसत नाहीत.

प्रोफेनं सळई आणली. एकेक जर्सी कडकन आवाज करत सुटायला लागली. त्यांची घडी पडेना. जशा टाकल्या होत्या तशाच आकारात ताठ. एकीची बाही वर उचललेली होती, जणू तिला रेफरीला काहीतरी विचारायचं होतं.

"घाला आता लेकरांस्नी, ती स्वेटरं काढून," बासिलिया म्हणाली.

सगळ्यांनी कोपऱ्याकडं पाहिलं. पोरांना कपडे घालायचे म्हणजे तिनंच घालायचे, हे ठरलेलं.

फोर्तुनाता कढईतला बुन्युएलो उलटवत होती. तो नीट उलटवून झाल्यावर ती म्हणाली, "न्हाई."

"काय न्हाई?"

"वल्लं कापड लेकराच्या अंगाला लागू देत न्हाई मी."

"वल्लं कुठं हाय? शिंपलेलं हाय."

"शिंपलेलं नव्हं बाई, बुडिवलेलं हाय. आन् आता तर बरफ हाय."

डॉन सेवेरो मधे पडले. त्यांना मधे पडायची हौस होती. "हे बघ फोर्तुनाता, गेल्या सालच्या जर्स्या आता न्हाईत, त्यांची फडकी झाली. एकासारखी एक जर्सी नसंल तर रेफरी सामना समोरच्यांच्या नावावर लिवून मोकळा हुईल. पयलाच सामना! आन् मानकरणीचा अपमान वर. तू घाल गपगुमान. न्हाईतर आसं कर, उद्यापास्नं तू आपली आपी बघ, पोरं आमी बघतो."

आता हे म्हणजे सरळच झालं. घातल्या तर पोरं आठवडाभर तापानं फणफणतील आणि फोर्तुनाताचं एकुलतं एक मत तिच्याच हातानं मोडेल. नाही घातल्या तर सामना जाईल आणि उद्यापासून पोरंही जातील.

फोर्तुनातानं दुसरा बुन्युएलो कढईत सोडला. बासिलियाला ते बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं.

"मी म्हंते, तू हायस कोन गं?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आई हायस? मावशी हायस? कुनाच्या बारशाला तुला पोर हातात धराय बोलिवलं हुतं? क्लबात नाव तरी हाय का तुजं? आपी इकनारी तू!"

इतक्या वर्षांत न विचारलेला प्रश्न शेवटी विचारला गेला, तोही बँडसमोर. फोर्तुनातानं आपीच्या भांड्यात पाहिलं. तिथं उत्तर नव्हतं, आपी होती.

बासिलियाला वाटलं, आता पोरांनाच विचारावं. गोलकीपर नेलिदा सगळ्यात पुढं उभी होती. नऊ वर्षांची, बोलायला फटकळ, बांधलेल्या गाठोड्यासारखी.

"काय गं, ही कोन तुमची?"

नेलिदानं मान वळवून बघायचा प्रयत्न केला. टोपीमुळं मान वळेना, म्हणून ती अख्खी वळली, फोर्तुनाताकडं पाहिलं आणि पुन्हा अख्खी परत वळली.

"म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "पन हिनं वाकवून बघितल्याबिगर आमी आत जात न्हाई."

त्यावर लिंबर नावाचं एक पोरगं म्हणालं, "व्हय." बाकीची कुरकुरली. म्हणजे त्यांनीही माना हलवल्या असाव्यात.

फोर्तुनातानं झाऱ्या खाली ठेवला. हात पदरवजा फडक्याला पुसले. मग ती मैदानाच्या मध्यापर्यंत चालत आली, ती ताठ बाहीची जर्सी उचलली आणि दोन्ही हातांनी, देवाचा प्रसाद धरावा तशी बासिलियापुढं धरली.

"बरं, घालते," ती म्हणाली. "पन आधी तुझा मान."

"कसला मान?"

"कसला म्हंजी? जर्सी मानकरनीनं दिली तर ऊबबी मानकरनीनंच द्यायाची आसती. पोटाशी धरून. मग ती जर्सी लेकरू घालतं. इसरलीस व्हय?"

अशी काही रीत नव्हती. ती तिनं झाऱ्या ठेवल्यापासून इथवर चालत येईपर्यंतच्या वाटेत तयार केली होती. पण एल आल्तोत माणूस पोटाला कमी खाईल, चारचौघांत 'ही रीत मला ठाऊक नाही' असं म्हणणार नाही. सगळेच कुठल्या ना कुठल्या गावातून वर आलेले आणि जो तो आपल्या गावची रीत शाबूत असल्याचं सांगणारा. बासिलियानं डॉन सेवेरोंकडं पाहिलं.

डॉन सेवेरोंनी क्षणभरच विचार केला. "तर तर! आमच्या गावात तसंच हाय. पोटाशी."

"आमच्याकडं तर दोन-दोन घेत्यात," वस्ती-समितीचे सचिव म्हणाले. त्यांना मागं राहायचं नव्हतं.

बासिलियानं एकवार जर्सीकडं पाहिलं, एकवार गर्दीकडं. मग शाल उघडली, तिच्या आतली शाल उघडली, झंपर सैल केला आणि जर्सी आत सारली. जर्सी वाकेना. उचललेली बाही गळ्यातून वर आली आणि बासिलियाच्या कानाशी उभी राहिली. बासिलियाचे ओठ मागं गेले आणि सोन्याचे दोन्ही दात पहाटेच्या उजेडात चमकले.

मानकरणीनं घेतली म्हटल्यावर बाकीच्यांना सुटका नव्हती. सामना बघायला थांबलेल्या बायांनी एकेक घेतली. डॉन सेवेरोंनी एक घेतली, कारण त्यांच्या गावात तसंच होतं. सचिवांना दोन घ्याव्या लागल्या. बँडमधल्या ढोलवाल्यानं आपणहून मागितली. भला माणूस. सगळे मैदानाच्या कडेला ओळीनं बसले, शाली गच्च आवळून, समोर बघत, अंड्यांवर बसलेल्या कोंबड्यांसारखे. थोड्या वेळानं ओळीतून बियरचा वास यायला लागला.

फोर्तुनाता आपीचा पेला घेऊन बासिलियाजवळ आली.

"कसं काय वाटतंय?"

"काय न्हाई," बासिलिया म्हणाली. तिचे दात एकमेकांवर आपटत होते, त्यामुळे दोन शब्दांचे सहा झाले. "येवडी काय थंडी न्हाई."

"जरा खाली सरकव. कमरंकडं."

"कमरंकडं कशाला?"

"सरकव तर."

बासिलियानं सरकवली. मग अगदी हळू, शेजारणीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "शिरली गं."

"तिथनंच शिरती," फोर्तुनाता म्हणाली आणि पेला तिच्या हातात दिला.

सूर्य वर आला तोवर जर्स्या मऊ झाल्या होत्या. ओल्या होत्या, पण वाकत होत्या. फोर्तुनातानं त्या एकेक करून पोरांच्या स्वेटरवरून चढवल्या. आत कागद, वर लोकर, त्यावर जर्सी. ओलं कापड लेकराच्या अंगाला कुठंच लागत नव्हतं, तेव्हा तिचं मत जागच्या जागी राहिलं. जर्स्या ताणून ताणून बसल्या. पाठीवरची सोनेरी अक्षरं त्या ताणानं अशी रुंदावली की 'बासिलिया' हे नाव पलीकडच्या टेकाडावरून वाचता यावं. बासिलियानं ते पाहिलं आणि शाल सारखी केली. खाली लोकर असल्याबद्दल आता तिची तक्रार नव्हती, एवढंच त्यातून समजलं.

रेफरीनं नाणं उडवायच्या आधी नाक वर करून हवा हुंगली. मग नेलिदाला हुंगलं, लिंबरला हुंगलं आणि शेवटी प्रोफेला हुंगलं.

"शिंपण," प्रोफे म्हणाला.

"हां," रेफरी म्हणाला आणि शिट्टी फुंकली. तोही इथलाच होता.

सामना एक-एक झाला. समोरच्यांचा एक गोल झाला तो नेलिदा ज्या बाजूला पडली होती तिथून तिला उठता येईना म्हणून. नंतर त्यांनी आणखी बरेच मारले, पण ते सगळे नेलिदाच्या पोटावर आदळून धप्प करून खाली पडले. आमचा गोल लिंबरनं केला. तो त्यांच्या गोलसमोर आडवा पडला होता, कुणीतरी चेंडू जोरात मारला, तो त्याच्या पाठीवरच्या 'सि' वर लागून आत गेला. आमच्या संघासाठी बरोबरी म्हणजे मोठी गोष्ट. बँड पुन्हा वाजला. क्रेटात उरलेली बियर या खेपेला माणसांनी प्यायली.

पुढच्या वर्षीचे मानकरी त्याच बैठकीत ठरवून टाकतात, लोक रंगात असतात तेव्हा. चेंडू सचिवांनी घेतला. जाळी ढोलवाल्याच्या मेहुण्यानं घेतली. जर्स्या पुन्हा बासिलियानं घेतल्या, शिंकता शिंकता. आता संपलं असं म्हणून डॉन सेवेरो उठणार, एवढ्यात ती म्हणाली, "आजून एक ऱ्हायलंय."

"काय ऱ्हायलं?"

"कागद," बासिलिया म्हणाली आणि नाक पुसलं. "वर्तमानपत्राची मानकरीन. ती लावा की. फोर्तुनाता हाय न्हवं का?"

चेंडूची मानकरीण ऐकली होती, केकची ऐकली होती, बँडची ऐकली होती. वर्तमानपत्राची कुणी ऐकली नव्हती. सगळ्यांनी डॉन सेवेरोंकडं पाहिलं.

"हां हां," डॉन सेवेरो म्हणाले. "आमच्या गावात हाय ना."

टाळ्या झाल्या. मानकरणीनं उभं राहून दोन शब्द बोलायचे असतात. फोर्तुनाता गाडीमागं उभीच होती.

"शिपडायचं आसंल तर," ती म्हणाली, "कोरड्या हातानं."

एवढं बोलून तिनं गाडीखालून वर्तमानपत्राची दोन पानं ओढली. वरचं खेळाचं निघालं, ते बाजूला ठेवलं. दुसरं घेऊन ती बासिलियापाशी गेली. बासिलियाला पुन्हा दोन शिंका आल्या.

"हात वर कर."

बासिलियानं इकडं तिकडं पाहिलं. मग हात वर केले. फोर्तुनातानं शाल बाजूला सारली, कागद कमरेला गुंडाळला, स्वतःचा पट्टा सोडून त्यावर गच्च आवळला आणि दोन पावलं मागं सरली.

"वाक."

बासिलिया वाकली. कागद कुरकुरला. हात गुडघ्यांपर्यंत पोचले आणि तिथंच थांबले. परकरांमुळं ते गेली कित्येक वर्षं त्यांच्या खाली गेले नव्हते, पण त्याची चौकशी फोर्तुनातानं केली नाही.

"बरोबर," ती म्हणाली. "जा आता."